भाराला भार : पहार, मोट आणि खोडदची तबकडी

स्मरणिकेसाठी विज्ञानाचा एक पाठ लिहून द्यावा, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा आम्ही विज्ञान शिकविणारे शिक्षक प्रथम थोडे अडखळलो. स्मरणिकेत आठवणी असतात, शुभेच्छा असतात, देणगीदारांची नामावली असते. त्यात तरफ आणि कप्पी कोण वाचणार, असे वाटले. नंतर ध्यानात आले की, या पाठाचे बहुतेक साहित्य प्रयोगशाळेच्या कपाटात नसून आमच्या पालकांच्या हातात आहे. पहार, कुदळ, तराजू, बैलगाडी, डोक्यावरचा भारा आणि पाठीवरचे पोते यांचेच हे शास्त्र आहे. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतून आमच्याकडे येणारी मुले हे शास्त्र पाहतच मोठी झालेली असतात. आम्ही त्याला फक्त नावे देतो.

सहावीच्या वर्गात ‘साधी यंत्रे’ हा धडा सुरू करताना आम्ही दर वर्षी एकच प्रश्न विचारतो : यंत्राने काम कमी होते का? वर्ग एकमुखाने ‘हो’ म्हणतो. माजी विद्यार्थ्यांना हा प्रश्न आणि त्यानंतर होणारी फजिती दोन्ही आठवत असतील. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाचे जरा सविस्तर उत्तर आहे.

आवारातील एखादा मोठा दगड घेऊ. त्याचे वजन १८० किलो आहे असे समजा. दीड मीटर लांबीची पहार घेतली, तिचे टोक दगडाच्या कडेखाली सरकविले आणि टोकापासून १५ सेंटिमीटर अंतरावर पहारेखाली एक लहान दगड ठेवला. हा लहान दगड म्हणजे टेकू. टेकूपासून भारापर्यंतचे अंतर, म्हणजे भारभुजा, १५ सेंटिमीटर. टेकूपासून हातापर्यंतची बलभुजा १३५ सेंटिमीटर. दुसरी पहिलीच्या नऊपट आहे. दगडाची एक कड उचलताना त्याची दुसरी कड जमिनीवरच टेकलेली राहते. त्यामुळे पहारेवर पूर्ण १८० किलो येत नाहीत, सुमारे ९० किलो येतात. उरलेले जमीन सांभाळते. पहारेच्या दुसऱ्या टोकाला मग १० किलोंचा दाब पुरतो. आठवीतील मुलगीही तेवढा दाब सहज देते आणि दगड हलतो. वर्गात टाळ्या होतात.

येथे आम्ही मुलांच्या हाती मोजपट्टी देतो. हात किती खाली गेला? ४५ सेंटिमीटर. दगडाची कड किती वर आली? ५ सेंटिमीटर. दहा गुणिले पंचेचाळीस आणि नव्वद गुणिले पाच, दोन्हींचे उत्तर साडेचारशे. बल नऊपट कमी लागले आणि अंतर नऊपट जास्त पडले. काम तसूभरही कमी झाले नाही. दुकानदार एकरकमी पैसे मागत असताना हप्ते पाडून घ्यावेत, तसे हे आहे. हप्ता हलका होतो, देणे तेवढेच राहते. घर्षणाचे व्याज वेगळे द्यावे लागते, म्हणजे प्रत्यक्षात थोडे जास्तच जाते.

मग यंत्राचा उपयोग काय, असे मुले विचारतात. ज्याला एकरकमी देणे शक्य नाही, त्याच्यासाठी हप्ता हाच उपाय असतो. नव्वद किलोंची कड दोन्ही हातांनी उचलण्याचे बळ ज्याच्या अंगी नाही, त्याला पहारेवाचून तो दगड जन्मभर हलविता आला नसता. दगड फोडणारे आणि विहिरी खोदणारे कारागीर प्रत्येक पाच सेंटिमीटरांनंतर दगडाखाली खपरी सारतात, टेकू उंच करतात आणि पुन्हा दाबतात. त्यांच्या कामाकडे लांबून पाहणाऱ्याला ते सावकाश चाललेले दिसते. ते हप्ते भरत असतात.

पहारेविषयी आणखी एक गोष्ट पाठ्यपुस्तकात येत नाही, ती येथे नोंदवितो. टेकू न ठेवताही पहार चालते. टोक दगडाखालून पलीकडे जमिनीत रोवायचे आणि हातातले टोक वर उचलायचे. तेव्हा जमीनच टेकू होते, आणि हिशेबाने यांत्रिक फायदा नऊऐवजी दहा येतो. तरी अनुभवी माणूस शक्यतो टेकू शोधतो आणि पहार खाली दाबतो. कारण वर उचलताना सारे बळ हातांचे आणि कमरेचे लागते. खाली दाबताना माणूस स्वतःच्या शरीराचे वजन पहारेवर टाकतो. गुरुत्वाकर्षण त्याच्या बाजूने येते. कोणते वजन कोठे कामाला लावायचे, हे ज्याला कळले त्याला अर्धे यंत्रशास्त्र कळले, असे आमचे मत आहे. आणि पुढे जे सांगणार आहोत, त्यात ही गोष्ट पुन्हा पुन्हा येईल.

तरफेच्या नियमाची रीतसर सिद्धता इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिराक्यूजच्या आर्किमिडीजने मांडली. हा गणिती सम्राट अशोकाचा समकालीन होता. दोघांना परस्परांची वार्ता असण्याचे कारण नाही, पण कालखंड लक्षात ठेवायला ही खूण सोयीची आहे.

तरफेचे तीन प्रकार मुले पाठ करतात, त्यावर येथे फार शब्द खर्च करीत नाही. टेकू मध्ये असला की पहिला प्रकार : कात्री, पकड, तराजू. भार मध्ये असला की दुसरा : अडकित्ता, एकचाकी हातगाडी. बल मध्ये असले की तिसरा : चिमटा. तिसऱ्या प्रकारात बलाचा तोटा होतो. तरीही निखारा उचलायला चिमटाच लागतो, कारण तेथे बळ नको असते, हात लांब हवा असतो. बैलगाडीही तरफच आहे आणि तिचा टेकू म्हणजे आस. भार आसाच्या फार मागे रचला तर गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. फार पुढे रचला तर सारा बोजा मानेवर येतो. म्हणून जाणता गाडीवान भार आसाच्या किंचित पुढे रचतो. त्याला हे कोणी फळ्यावर शिकविलेले नसते.

तिसऱ्या प्रकारची सर्वांत महत्त्वाची तरफ आपल्या शरीरात आहे, आणि पालकांनी या लेखातील दुसरे काही वाचले नाही तरी हा भाग अवश्य वाचावा. कोपर हा टेकू. दंडाचा स्नायू कोपरापासून साधारण ४ सेंटिमीटर अंतरावर हाडाला जोडलेला असतो आणि हाताचा तळवा सुमारे ३५ सेंटिमीटर अंतरावर असतो. कोपर काटकोनात धरून ५ किलोंची बादली हातात घेतली की स्नायूला सुमारे ४४ किलोंची ओढ द्यावी लागते. निसर्गाने येथे बळ गमावून चपळाई कमावली आहे.

कमरेचा हिशेब याहून कठोर आहे. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात हंगामात क्रेटच्या थप्प्या लागतात. भरलेला क्रेट साधारण २० किलोंचा असतो. हमाली करणारी माणसे, त्यांत आमचे काही पालकही आहेत, दिवसभर ते क्रेट जमिनीवरून उचलून गाडीत चढवितात. वाकून, हात पुढे लांब करून क्रेट उचलला, तर तो कमरेच्या मणक्यापासून सुमारे ४० सेंटिमीटर पुढे असतो. पाठीचे स्नायू मात्र मणक्याच्या मागे जेमतेम ५ सेंटिमीटर अंतरावरून ओढतात. वीस गुणिले चाळीस भागिले पाच म्हणजे १६० किलो. वीस किलोंच्या क्रेटसाठी स्नायूंना १६० किलोंची ओढ! त्यात वाकलेल्या धडाचे स्वतःचे वजन धरलेले नाही. कमरेवरच्या भागाचे वजन ३५ किलो आणि त्याचे अंतर २० सेंटिमीटर धरले, तर आणखी १४० किलोंची भर पडते. ही सारी ओढ मणक्यांमधील मऊ चकत्यांना दाबते. आता तोच क्रेट गुडघे वाकवून, अंगाशी धरून, मणक्यापासून २० सेंटिमीटरांवर ठेवून उचलला, तर क्रेटचा वाटा १६० वरून ८० वर येतो. धड सरळ राहिल्याने त्याचा वाटाही पुष्कळ घटतो. आकडे ढोबळ आहेत, माणसागणिक बदलतील. प्रमाण मात्र बदलत नाही.

हे गणित आमच्या एका विद्यार्थ्याने वहीत केले आणि सुटीत घरी नेले. त्याची आई क्रेट भरण्याच्या कामाला जाते. सुटी संपून पालक त्याला सोडायला आले, तेव्हा त्या माउलीने आम्हांला सांगितले की, आता रिकाम्या क्रेटची एक थप्पी पालथी घालून तिच्यावर भरायचा क्रेट ठेवतो, म्हणजे वाकावे लागत नाही. पुस्तकात तो उपाय नव्हता. आम्हीही सुचविला नव्हता.

याच नियमाने डोक्यावरच्या हंड्याचेही कोडे सुटते. हंडा डोक्यावर असताना त्याचे वजन थेट कण्याच्या रेषेत खाली जाते. भुजाच उरत नाही, त्यामुळे पाठीच्या स्नायूंना तोल सावरण्यापलीकडे फारसे काम पडत नाही. काखेत कळशी घेतली की शरीर दुसऱ्या बाजूला झुकते, ते याच कारणाने. मानेवर दाब येतो, तो चुकत नाही. आणि हंडा डोक्यावर चढविणे हे स्वतंत्र कष्टाचे काम आहे. म्हणूनच पाणवठ्यावर आणि रानात ‘जरा हात लावा’ अशी हाक असते. घरातील कपाट जिन्यावरून नेतानाही खालच्या माणसावर जास्त भार येतो. कपाट उंच असल्याने त्याचा मध्य हातांच्या वर राहतो आणि जिन्याच्या कलाबरोबर खालच्या माणसाकडे सरकतो. वसतिगृहाचे सामान ज्यांनी हलविले आहे, त्या माजी विद्यार्थ्यांना आपण खाली उभे होतो की वर, हे नक्की आठवत असेल.

बाजाराचा विषय निघाला आहे, तर तराजूकडे वळू. तराजू म्हणजे दोन्ही भुजा समान असलेली तरफ. ‘काटा मारणे’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत ज्या लबाडीवरून आला, तिचे एक रूप असे. दांडीची एक भुजा ३० सेंटिमीटर आणि दुसरी २९ सेंटिमीटर ठेवायची. रिकामा तराजू वाकडा दिसू नये म्हणून आखूड बाजूचे पारडे किंचित जड करायचे. आता दांडी सरळ उभी राहते आणि गिऱ्हाइकाला शंका येत नाही. विकताना माल लांब भुजेकडे ठेवला की १० किलोंच्या वजनाला ९ किलो ६६७ ग्रॅम मालच पुरतो. शेतकऱ्याकडून विकत घेताना माल आखूड भुजेकडे ठेवला की १० किलोंच्या वजनाला १० किलो ३४५ ग्रॅम माल लागतो. एकच तराजू येताना लुटतो आणि जातानाही लुटतो.

ही चोरी पकडायला पोलीस लागत नाही. पारड्यांची अदलाबदल करून माल पुन्हा तोलावा. दोन्ही वेळा वजन तेच भरले तर तराजू खरा. वेगळे भरले तर दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढावे. ते खरे वजन. वरच्या उदाहरणात दहा किलो खऱ्या वजनाचे पोते एकदा ९.६६७ आणि एकदा १०.३४५ भरेल. त्यांचा गुणाकार शंभर आणि वर्गमूळ दहा. तराजू खोटा असूनही खरे वजन सापडते, याचे मुलांना फार नवल वाटते. १९५६ च्या कायद्यानंतर शेर आणि मण जाऊन किलो आला, पुढे विजेवर चालणारा काटा आला. त्याच्या पोटात दांडी नसते. भाराने किंचित वाकणारा धातूचा तुकडा असतो आणि त्या वाकण्यावरून आकडा उमटतो. पण गावोगावच्या आठवडे बाजारात दांडीचा तराजू अजून पाहायला मिळतो, म्हणून हे गणित आम्ही सोडलेले नाही.

आता मोट. ज्यांनी मोट चालताना पाहिली आहे, अशी पिढी आमच्या पालकांतही विरळ होत चालली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. विहिरीच्या काठावर उंच चाक असे. चाकावरून नाडा, म्हणजे जाड दोर, खाली सोडलेला असे. त्याच्या एका टोकाला चामड्याची मोट आणि दुसऱ्या टोकाला बैलांचे जू. मोटेला खाली सोंड असे. तिला बारीक दोरी बांधून ती वेगळ्या लहान चाकावरून नेलेली असे, त्यामुळे वर येईपर्यंत सोंडेचे तोंड वर राही आणि काठावर आल्याबरोबर ती पुढे ओढली जाऊन पाणी आपोआप थारोळ्यात पडे. बैल ज्या उतारावरून विहिरीपासून दूर जात, ती धाव. धावेची लांबी पाण्याच्या खोलीएवढी असावी लागे, कारण नाडा जितका वर येणार तितकेच बैलांना चालावे लागणार.

वरचे मोठे चाक म्हणजे एक स्थिर कप्पी. तिने बल वाढत नाही, फक्त दिशा बदलते. मग मोटेची युक्ती कोठे आहे? ती धावेच्या उतारात आहे. पाठ्यपुस्तकात उतरण नेहमी भार वर चढविण्यासाठी येते. येथे बैल भार ओढताना खाली उतरतात. पाणी आणि मोट मिळून १३० किलो आणि खोली १० मीटर धरा. काम झाले १३०० किलो-मीटर. बैलजोडीचे वजन ८०० किलो आणि धावेचा उतार दहा मीटरांत १.२ मीटर धरला, तर बैलांच्या वजनानेच ९६० किलो-मीटर काम होते. मोटकरी नाड्यावर बसतो. तो गंमत म्हणून किंवा आळसाने बसत नाही. त्याच्या ६० किलोंचे आणखी ७२ होतात. एकूण १०३२. उरलेले २६८ आणि चाकाच्या घर्षणाचे जे काही असेल, तेवढेच बैलांच्या पायांनी रेटायचे. खांद्यावरची ओढ १३० किलोंचीच असते, पण तिच्यातील जवळपास चार पंचमांश वाटा वजनाने उचललेला असतो.

मग ते ९६० फुकट मिळाले का? मोट रिकामी झाल्यावर बैल मागच्या पावलांनी पुन्हा धाव चढतात, तेव्हा आपलेच ८०० किलो त्यांना १.२ मीटर वर न्यावे लागतात. ९६० तेथे भरले जातात, आणि मोटकऱ्याचे ७२ त्याच्या पायांनी. हिशेब पै-पैचा जुळतो. एका दमात झेपले नसते ते काम दोन हप्त्यांत विभागले गेले. एक हप्ता भरल्या मोटेबरोबर, दुसरा रिकाम्या मोटेबरोबर. ज्या कोणी ही धाव प्रथम खणली त्याचे नाव कोठे नोंदलेले नाही.

मोटेविषयी एक गोष्ट मात्र यंत्राच्या हिशेबात बसत नाही, आणि ती वर्गात सांगितल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही. मोट कमावलेल्या कातड्याची असे. कातडे कमावणारा आणि मोट शिवणारा यांना त्याच गावच्या पाणवठ्यावर शिवण्याची मुभा नसे. त्यांच्या हातची मोट विहिरीत दिवसभर बुडत होती, त्यांच्या हातचे मडके मात्र चालत नव्हते. काठावर रहाट असो वा मोट असो, आमच्या आज्या-पणज्या कोणी वरून पाणी ओतील या आशेने ताटकळत उभ्या राहिल्या. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले, तेव्हा पाणी वर काढायला किती बल लागते हा प्रश्नच नव्हता. ओंजळभर पाण्याचे वजन पाव किलोही भरत नाही.

मोटा गेल्या, इंजिने आली, विजेचे पंप आले. कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणे याच दोन तालुक्यांत बांधली गेली आणि कालव्यांनी पाणी दूरवर गेले. कालव्याच्या दारांवर हाताने फिरवायचे चाक आणि उभा आट्यांचा दांडा असतो, तो अनेकांनी पाहिला असेल. स्क्रू म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेली उतरण. चाकाचा व्यास ६० सेंटिमीटर आणि दोन आट्यांतील अंतर ६ मिलिमीटर असेल, तर एका फेऱ्यात हात सुमारे १८८ सेंटिमीटर फिरतो आणि दार फक्त ६ मिलिमीटर उचलले जाते. कागदावर फायदा तीनशेपटीहून अधिक निघतो. प्रत्यक्षात अर्ध्याहून अधिक घर्षणात जातो. पण ते घर्षण येथे शत्रू नाही. हात सोडल्यावर दार आपल्या वजनाने खाली घसरत नाही, याचे श्रेय त्या घर्षणालाच आहे.

दर वर्षी आमची सहल लेण्याद्रीला जाते. कुकडीच्या तीरावरून डोंगराकडे पाहिले की लेण्यांची रांग एका सरळ रेषेत दिसते, आणि सुमारे तीनशे पायऱ्या चढून जाताना उतरणीचा पाठ पायांनाच मिळतो. जुन्नरभोवती लेण्याद्री, तुळजा, मानमोडी आणि शिवनेरी मिळून दोनशेहून अधिक लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास सुरू झालेले हे काम पुढे दोन-तीन शतके चालले. येथील शिलालेखांत दात्यांची नावे आहेत. त्यांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, दान दिल्याचा लेख आहे. कासारांच्या आणि बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणींचेही उल्लेख आहेत. दगड फोडणाऱ्यांच्या हातांच्या खुणा लेखात नसल्या तरी भिंतीवर आहेत. तिरपे ऊन आले की छिन्नीचे ओरखडे स्पष्ट दिसतात.

छिन्नी म्हणजे पाचर, आणि पाचर म्हणजे सरकती उतरण. हातोडीचा घाव छिन्नीच्या माथ्यावर बसतो आणि सारे बल धारेच्या इवल्याशा जागेत एकवटते. जागा जितकी लहान तितका दाब जास्त. शिवाय पाचर खाली जाताना दगडाला दोन्ही बाजूंना लोटते. आपला काळा पाषाण, बेसॉल्ट, दाबाला फार चिवट आणि ताणाला त्या मानाने कच्चा असतो. म्हणून त्याला दाबून चिरडण्यापेक्षा फाकवून फोडणे सोपे.

पण लेण्यांतील खरी बुद्धी आम्हांला दुसऱ्याच ठिकाणी दिसते. याच तालुक्यात कुकडीच्या उगमाजवळ पूर येथे कुकडेश्वराचे दगडी मंदिर आहे. तेथे घडविलेला प्रत्येक दगड उचलून वरच्या थरावर चढवावा लागला. तरफा, उतरणी, दोर आणि पुष्कळ माणसे लागली असणार. लेणे कोरणाऱ्याने उचलण्याचे कामच ठेवले नाही. मानमोडीच्या डोंगरात काही लेणी अर्धवट सोडलेली आहेत, त्यांवरून कामाची पद्धत कळते. आधी छताची पातळी खोदायची आणि मग खाली उतरत जायचे. कोरणारा न फोडलेल्या दगडावरच उभा राहतो, त्याला परांची लागत नाही. फुटलेला कपचा खाली पडतो आणि कडेवरून लोटला की डोंगराखाली जातो. ज्या वजनाशी मंदिर बांधणारा झगडतो, तेच वजन लेणे कोरणाऱ्याचा राडारोडा वाहून नेते. वर दाबलेल्या पहारेचीच ही मोठी आवृत्ती आहे. सहलीत मुलांना चैत्यगृहाची कमान सर्वांत आवडते. आम्ही मात्र त्यांना प्रथम छताकडे पाहायला सांगतो, कारण काम तेथून सुरू झाले.

लेण्याद्रीहून परतताना वेळ असला तर आम्ही नारायणगावावरून खोडदला जातो. तेथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी, ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती १९९० च्या दशकात उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. चौदा खोडदजवळ सुमारे एक किलोमीटरच्या परिसरात, आणि उरलेल्या सोळा इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या तीन भुजांवर दूरवर पसरलेल्या. दूरच्या आकाशगंगांतून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडण्यासाठी या प्रचंड तबकड्या आकाशात हव्या त्या बिंदूकडे वळवाव्या लागतात आणि पृथ्वी फिरत असल्याने तासन्‌तास हळूहळू वळवीत राहावे लागते.

एवढ्या मोठ्या तबकडीला सर्वांत मोठा भार कोणता, हे आम्ही मुलांना विचारतो. सगळे तिचे वजन सांगतात. अभियंत्यांना खरी काळजी वाऱ्याची होती. पंचेचाळीस मीटरचे भरीव पत्र्याचे पात्र वादळात शिडासारखे उभे राहिले असते, आणि ते पेलायला लागणारा सांगाडा फार जड व फार महाग झाला असता. म्हणून पत्र्याऐवजी बारीक पोलादी तारांची जाळी घेतली आणि ती ताणलेल्या दोरांवर बसविली. या तऱ्हेला ‘स्मार्ट’ असे नाव आहे. रेडिओ लहरींच्या लांबीपुढे जाळीची भोके अगदी लहान असल्याने लहरी परावर्तित होतात, वारा मात्र आरपार निघून जातो. फार जोराचा वारा सुटला की तबकड्या थेट माथ्यावरच्या आकाशाकडे तोंड करून थांबविल्या जातात, म्हणजे वाऱ्यासमोर कमीत कमी अंग येते.

वजनाची तजवीज वेगळी केलेली आहे. तबकडी ज्या आडव्या आसाभोवती वरखाली झुकते, त्या आसाच्या दुसऱ्या बाजूला प्रतिभार बसविलेला आहे. तबकडी एका भुजेवर, प्रतिभार दुसऱ्या भुजेवर, आस मध्ये. तराजूच तो. त्यामुळे मोटारीला तबकडी उचलावी लागत नाही. घर्षणावर आणि वाऱ्यावर मात करून ती फक्त वळवावी लागते. मागच्या सहलीत आम्ही हे समजावून देत असताना घोडेगावकडचा एक मुलगा बराच वेळ तबकडीच्या मागच्या बाजूला पाहत उभा होता. मग म्हणाला, “सर, तो नाड्यावर बसलेला माणूस आहे.” त्याच्या आजोबांची मोट होती. प्रतिभार आणि मोटकरी यांत फरक आहे, तो आम्ही त्याला परतीच्या गाडीत सांगितला : मोटकरी भाराबरोबर एकदाच खाली जातो आणि त्याला पायांनी पुन्हा वर यावे लागते, प्रतिभार तबकडी खाली झुकताना स्वतः वर चढतो आणि ती वर येताना खाली उतरतो, त्यामुळे देणे-घेणे तेथल्या तेथे फिटते. त्याने ते मान्य केले, पण उपमा सोडली नाही. पुढच्या चाचणीत प्रतिभाराच्या आकृतीवर त्याने फेटा काढला होता. आम्ही गुण कापले नाहीत.

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते आणि सर्वांना दुर्बीण जवळून पाहता येते. नारायणगावातून तेथे जाणे सोपे आहे. पालकांनी पाल्यांना घेऊन जावे. तबकडी समोरून तर सगळेच पाहतात. थोडे चालून मागच्या बाजूला जावे आणि आस कोठे आहे, प्रतिभार कोठे आहे, ते मुलांनाच दाखवायला सांगावे.